व्हीएआर काढू नका, पंचांचा निर्णय ऐकू द्या

व्हीएआरने (म्हणजे व्हिडिओ पाहून मैदानावरच्या पंचांचे निर्णय तपासायच्या पद्धतीने) फुटबॉलचा जीव घेतला, ते बंदच करा, असं एका लेखात म्हटलंय. मला अजिबात पटलं नाही. 30 सप्टेंबर 2023 चा टॉटनहॅम-लिव्हरपूल सामना आठवा. लिव्हरपूलच्या लुईस दियाझचा गोल मैदानावर ऑफसाइड, म्हणजे अवैध ठरला. व्हिडिओ खोलीत तो ऑनसाइड, म्हणजे वैध दिसलाही, पण तिथल्या पंचांचा समज असा की मैदानावर गोल दिलेलाच आहे! 'तपासणी पूर्ण' एवढंच कळवलं गेलं आणि खेळ सुरू झाला. चूक काही सेकंदांत लक्षात आली, पण एकदा खेळ सुरू झाल्यावर नियमाने मागे जाता येत नाही. लिव्हरपूल 2-1 ने हरलं. यात कॅमेऱ्याचा काय दोष? मैदानावर काय निर्णय दिलाय, हे एक वाक्य आधी मोठ्याने बोललं असतं तरी गोल मिळाला असता. (2010 च्या विश्वचषकात इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू गोलरेषेच्या चांगला आत पडूनही गोल मिळाला नाही, तेव्हा आपणच तंत्रज्ञान मागत होतो.) 2023 च्या महिला विश्वचषकात पंच व्हीएआरचे निर्णय माइकवरून जाहीर करायच्या. तसं प्रत्येक लीगमध्ये, प्रत्येक सामन्यात व्हायला हवं. तिकीट काढून स्टेडियममध्ये बसलेल्या माणसालाच सगळ्यात शेवटी कळतं, हे फार लागतं मनाला.