बर्डीचा किल्ला अप्पासाहेबांनी बांधलेला नाही

१५ ऑगस्ट जवळ आला की व्हॉट्सॲपवर तोच संदेश फिरायला लागतो. यंदा भाच्याने तो भाषणासाठी उतरवून घेतला, म्हणून हे लिहितोय. संदेशातले दावे असे: नागपुरातल्या सीताबर्डीचा किल्ला नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांनी बांधला, १८१७ मध्ये त्याच किल्ल्यातून ते इंग्रजांशी लढले आणि तो गमावून बसले, १० एप्रिल ते १५ मे १९२३ या काळात गांधीजी तिथे कैदेत होते.

पहिला दावा. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी लढाई पेटली तेव्हा बर्डीला किल्ला नव्हताच. होत्या दोन उघड्याबोडक्या टेकड्या, एक मोठी, एक लहान. इंग्रज फौजेने आडोशाला गव्हाची, पिठाची पोती रचली. तटबंदी असती तर पोती कशाला रचली असती? पराभवानंतर जानेवारी १८१८ मध्ये अप्पासाहेबांवर ज्या अटी लादल्या गेल्या, त्यांत या दोन्ही टेकड्या बाजारासकट इंग्रजांना द्यायच्या आणि तिथे त्यांना लष्करी बांधकामाची मुभा, असं कलम होतं. आजचा किल्ला त्यातूनच उभा राहिला. ज्या राजाचं राज्य हिसकावलं, त्याच्याच नावावर जिंकणाऱ्यांचा किल्ला चढवायचा, हे मला फार लागतं.

दुसरा दावा तर चक्क उलटा आहे. टेकड्यांवर इंग्रज होते; रेसिडेंट म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी जेन्किन्स; त्याची रेसिडेन्सी पायथ्याशीच असल्यामुळे त्याने त्या आधीच ताब्यात घेतल्या होत्या. खालून चढाई करत होते ते भोसल्यांचे सैनिक. रात्रभर गोळीबार चालला. २७ तारखेला सकाळी लहान टेकडीवर दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट झाला, गोंधळ उडाला आणि भोसल्यांच्या पदरच्या अरबांनी उसळी मारून टेकडी घेतली. तिथल्या तोफा त्यांनी मोठ्या टेकडीकडे वळवल्या. आता इंग्रजांचं खरं नव्हतं. तेवढ्यात कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने खालच्या मैदानात मुसंडी मारली आणि पारडं फिरलं; लहान टेकडीही परत इंग्रजांकडे गेली. 'किल्ला राखता आला नाही' एवढ्या एका वाक्यात ही चढाई पुसली जाते. अप्पासाहेब पुढे कैदेतून निसटले, महादेवाच्या डोंगरांत राहून झुंजले आणि १८४० मध्ये जोधपुरात वारले. त्याबद्दल संदेशात चकार शब्द नाही.

तिसऱ्या दाव्याला तारखाच उत्तर देतात. गांधीजींना १८ मार्च १९२२ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्याला नेलं. जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली, ५ फेब्रुवारीला सुटका. म्हणजे १९२३ चं अख्खं वर्ष ते येरवड्याचे कैदी होते. नागपुरात त्या वर्षी घडला तो झेंडा सत्याग्रह. सिव्हिल लाइन्स या इंग्रज अधिकाऱ्यांच्या वस्तीत राष्ट्रीय झेंडा न्यायला बंदी होती. ती मोडायला जमनालाल बजाजांनी १ मेपासून सत्याग्रहींच्या तुकड्या पाठवल्या. बजाज पकडले गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी धुरा घेतली. देशभरातून आलेल्या माणसांनी इथले तुरुंग भरले. १९२३ म्हटलं की नागपूरकराला आठवायला हवीत ती ही माणसं.

भाच्याला भाषण नव्याने लिहायला बसवलंय. सुरुवात त्याने लहान टेकडीपासून केली आहे.