दप्तराने कणा कायमचा वाकतो, हे खरं नाही

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर तोच मजकूर फिरतो: जड दप्तराने मुलांचा कणा कायमचा वाकतो, पाठदुखी जडते, उंची खुंटते, म्हणून ऑर्थोपेडिक (पाठीला आधार देणारं म्हणून विकलं जाणारं) दप्तर घ्या.

आधी कण्याचं बघू. वाढत्या वयात कणा बाजूला वळतो, त्याला स्कोलिओसिस म्हणतात. शंभरातल्या दोन-तीन किशोरवयीन मुलांत तो आढळतो. बहुतेकांत नेमकं कारण सापडत नाही, आनुवंशिकतेचा वाटा मात्र असतो. दप्तराने तो होतो असं सिद्ध झालेलं नाही. मला हा मजकूर घातक वाटतो तो इथेच. मुलीचा एक खांदा वर दिसतो आणि आई म्हणते, ‘दप्तर जड झालंय गो तुझं!’ यात महिने जातात. त्यापेक्षा तिला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून कमरेतून पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. पाठीची एक बाजू उंच दिसली तर हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. बाक वाढू नये म्हणून अंगावर घालायच्या आधारपट्ट्याचा, म्हणजे ब्रेसचा, उपयोग वाढ चालू असेपर्यंतच होतो.

पाठदुखीवर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ६९ अभ्यास एकत्र तपासले, त्यात ७२ हजारांवर मुलं होती. दप्तराचं वजन किंवा ते अडकवण्याची पद्धत यामुळे पाठदुखी होते, असा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. पण ज्यांना स्वतःलाच दप्तर जड वाटत होतं, त्यांच्या त्या जाणिवेचा पाठदुखीशी संबंध दिसला. मूल ‘जड होतंय’ म्हणालं तर ते मनावर घ्या.

राहिली उंची. ती दप्तरावर नाही, आनुवंशिकता, आहार आणि हार्मोन्सवर ठरते.

मग ओझं तसंच राहू द्यायचं? मुळीच नाही. जड दप्तर पाठीवर असताना मूल पुढे झुकतं, मान पुढे काढतं, दमतं. एवढं कारण पुरेसं आहे. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दहावीपर्यंत दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जड नको. तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो. आता गोव्यात डिचोलीतल्या एका चौथीच्या मुलाचं पावसाळ्यातलं दप्तर: सगळ्या विषयांची पुस्तकं-वह्या, चित्रकलेची वही, कंपास, डबा, ओला रेनकोट आणि लिटरची भरलेली बाटली. नुसतं पाणीच एक किलो! शाळेत पिण्याचं चांगलं पाणी असलं तर बाटली रिकामी नेता येते. धोरणातही हेच सांगितलंय.

राहिलं ऑर्थोपेडिक दप्तर. त्या लेबलवर पैसे घालवू नका. रुंद पट्टे असलेलं, पाठीला चिकटून बसणारं साधं दप्तर चालतं, दोन्ही खांद्यांवर घेतलं म्हणजे झालं. चाकांचं दप्तर तर धोरणानेच नको म्हटलंय, जिन्यावर मुलं धडपडतात म्हणून. आपल्याकडच्या चिखलात आणि बालरथाच्या, म्हणजे शाळेच्या बसच्या, पायऱ्यांवर ते ओढायचं तरी कसं?

पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत दोन विषय मांडा: पाण्याचा फिल्टर, आणि रोज सगळी पुस्तकं आणावी लागणार नाहीत असं वेळापत्रक.