ॲक्टिव्हिटी नको, मटार सोलायला द्या

परवा ओळखीतल्या एका आईने विचारलं, "तुम्ही लेकीबरोबर कुकिंग ॲक्टिव्हिटी घेता म्हणे. आठवड्यातून किती वेळा?" मी गडबडलो. आमच्याकडे ॲक्टिव्हिटी वगैरे काही होत नाही. आमच्याकडे रात्रीचं जेवण होतं आणि त्यात साडेचार वर्षांची एक व्यक्ती लुडबुडत असते. मी "हो, तसं अधूनमधून" असं काहीतरी पुटपुटून सटकलो, पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. म्हणून आज इथे ओततोय. पोस्ट लांबणार आहे. गॅसवर काही ठेवलं असेल तर आधी बंद करून या.

आधी कबुलीजबाब. सुरुवातीला मीसुद्धा ॲक्टिव्हिटीच करायचो. एका रविवारी अस्वलाच्या आकाराची रंगीत बिस्किटं करायचं ठरवलं. साचे आणले, चार रंग आणले, तिच्या मापाचा ॲप्रन आणला. व्हिडिओत सगळं वीस मिनिटांत आटपलं होतं. आमच्या बाईसाहेबांनी पिठात हात घातला, पाचही बोटं निळी करून घेतली, ती फ्रिजच्या दाराला पुसली आणि चौथ्या मिनिटाला "झालं" म्हणून स्टुलावरून उतरून गेल्या. पुढची अस्वलं मी एकट्याने कापली. घामाघूम झालो. शेवटी तिला हाक मारून ट्रे हातात दिला, "इकडे बघ, हस" म्हटलं आणि फोटो काढला. तो फोटो इथेच टाकला होता. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्याला बदाम दिलेत. ते सगळे बदाम मी आज परत करतो, कारण त्यातलं एकही अस्वल तिने केलेलं नव्हतं.

मटारचं मात्र काही ठरलेलं नव्हतं. संध्याकाळी दमून घरी आलो होतो. जमिनीवर बसून, समोर परात घेऊन मुकाट्याने शेंगा सोलत होतो. मनात शिकवणं नाही, बाप-लेकीचं नातं घट्ट करणं नाही, सूप वेळेत व्हावं एवढंच. ती आली, शेजारी बसली आणि एक शेंग उचलली.

पहिली शेंग तिने दोन्ही हातांनी पिळली. काही झालं नाही. दुसरी मधोमध मोडली, तिच्यातले दोन दाणे चिरडले. मी काही बोललो नाही (मनाचा मोठेपणा नव्हे, बोलायचं त्राणच नव्हतं). ती माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली. शेंगेला एका कडेने शिवण असते, तिच्या टोकाशी अंगठ्याने दाबलं की 'टच्' आवाज होऊन ती उघडते. हे मला कोणी शब्दांत सांगितलं नव्हतं आणि मीही तिला सांगितलं नाही. पाचव्या की सहाव्या शेंगेला तिच्या अंगठ्याखाली तसाच आवाज झाला. तिने शेंग कानाशी नेली. मग पुढची उघडताना आधीच कानाशी धरली. आत ओळीने बसलेले दाणे, एका टोकाला अगदी बारका, वाढलेलाच नाही असा. "हा बाळ आहे," ती म्हणाली आणि तो परातीत न टाकता फ्रॉकच्या खिशात ठेवला. एका शेंगेत अळी निघाली तेव्हा कारखाना दहा मिनिटं बंद होता. अळीचं घर कोणतं, तिची आई कुठंय, तिला सूप चालेल का. मग कामगार परत कामावर.

चाळीस मिनिटं ती जागेवरून हलली नाही. चार मिनिटांत बिस्किटांना कंटाळलेली हीच मुलगी.

मला तेव्हापासून असं वाटायला लागलंय की मुलांना खोटं काम लगेच ओळखू येतं. अस्वलाच्या बिस्किटांची घरात कोणालाच गरज नव्हती, ती फक्त तिच्यासाठी घातलेला घाट होता. मटारचं तसं नव्हतं. ते सोलले नसते तर सूप झालं नसतं, आणि हे तिला बरोबर कळत होतं. खेळण्यातली प्लास्टिकची भातुकली दारात अडगळ होऊन पडते आणि खरी रवी मात्र कोणीतरी ओट्यावरून पळवलेली असते, त्याचं कारणही हेच असावं.

फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो या दोन मानसशास्त्रज्ञांचा 2006 सालचा एक प्रयोग आहे. मोठा माणूस दोरीवर कपडे वाळत घालतोय, चिमटा खाली पडतो, त्याचा हात पोचत नाही. समोर दीड वर्षाचं मूल. कोणी काही मागितलेलं नाही, बक्षीस नाही, शाबासकी नाही, तरी बरीचशी मुलं उठून चिमटा उचलून देतात. दीड वर्षाची मुलं! म्हणजे मदत करायची हौस त्यांच्यात आधीपासून असते. आपण तिला "नको, सांडशील", "तू बाहेर खेळ बरं" म्हणत चार-पाच वर्षं परतवून लावतो आणि पोरगं दहा वर्षांचं झालं की कपाळाला हात लावतो, "स्वतःचं ताटसुद्धा उचलत नाही!"

याच दोघांनी 2008 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली, आणि तिथे माझी चोरी पकडली गेली. मदत केल्यावर ज्या मुलांना खेळण्याच्या रूपाने बक्षीस दिलं, ती मुलं पुढे बक्षीस बंद झाल्यावर कमी मदत करायला लागली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं, ती आपली करतच राहिली. मी हे वाचलं तेव्हा आमच्या फ्रिजवर चांदण्यांचा तक्ता लावलेला होता. मटार सोलले की एक चांदणी, टेबल पुसलं की एक चांदणी. आठवड्याभरात "बाबा, मी करू?" याचं "बाबा, किती चांदण्या?" झालं होतं. टेबल पुसण्याचा भाव तीन चांदण्यांवर गेला होता. तक्ता काढला. दोन दिवस संप झाला, मग मिटला.

आता "मुलं स्वतः रांधलं की सगळं खातात" या वचनाबद्दल. ते अगदीच खोटं नाही. स्वित्झर्लंडमध्ये 6 ते 10 वर्षांच्या 47 मुलांवर केलेला एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पालकांबरोबर स्वतः जेवण बनवणाऱ्या मुलांनी, आयतं ताट मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे 76 टक्के जास्त सॅलड खाल्लं. छानच आहे. पण ते एका जेवणापुरतं मोजलेलं होतं, आणि आमच्या घरात हा आकडा अजून पोचलेला नाही. आमची लेक मटार सोलते, कच्चे मूठमूठ खाते आणि सुपात दिसले की एकेक वेचून ताटाच्या कडेला रांग लावते. दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान नव्या चवीला तोंड वेंगाडणं हे वयच असतं. एखादा पदार्थ आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा समोर आल्यावर मूल तो खायला लागतं. तेव्हा भाजी खाववण्याच्या छुप्या हेतूने मुलांना ओट्याशी बोलावू नका. त्यांना तो हेतूही वास घेऊन कळतो.

अंड्याची गोष्ट सांगायलाच हवी. अंडं फोडणं हे आमच्याकडे सध्याचं सर्वोच्च पद आहे. पहिलं अंडं तिने इतक्या प्रेमाने वाडग्याच्या काठावर टेकवलं की त्याला चीरही गेली नाही. दुसऱ्यांदा इतक्या जोरात आपटलं की अर्धं वाडग्यात, अर्धं माझ्या बाहीवर. आणि बलकात टरफलाचा एक तुकडा. तो बोटाने काढायला जा, निसटतो. पुन्हा जा, पुन्हा निसटतो. मी चमचा शोधायला वळलो, तर माझी आई मागून म्हणाली, "टरफलानेच टरफल काढ." मोठ्या टरफलाची धार घालून उचललं की तुकडा अलगद येतो. लेकीला ते इतकं आवडलं की आता ती मुद्दाम थोडं टरफल पाडते की काय, असा मला संशय आहे. एक अंडं तर फरशीवरच गेलं. तेव्हाही आजीच धावून आली, "पुसू नकोस रे लगेच, वर मीठ टाक, थोडं थांब, मग गोळा कर." आम्ही तिघं फरशीभोवती उकिडवे बसून मिठाखालच्या अंड्याकडे बघत राहिलो. त्या संध्याकाळी याहून चांगली करमणूक घरात दुसरी नव्हती.

मजेमजेत शिकवायचा मोह झालाच तर आवरा, असं माझं मत. "किती अंडी उरली सांग बघू" असं विचारलं की हातातलं काम थांबतं आणि परीक्षा सुरू होते. शिकणं आपोआप होतंच. एकदा मावसभाऊ आला होता, दोघांना सारखंच दूध दिलं, त्याला उंच ग्लासात आणि हिला बसक्या कपात. झालं! "त्याला जास्त!" तिच्या डोळ्यांदेखत ओतलं होतं तरी. बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेने हेच दाखवून दिलं होतं, की साधारण सात वर्षांपर्यंत मुलांना उंची वाढली म्हणजे दूध वाढलं असं खरोखरच वाटतं. समजावण्यात अर्थ नाही. मी दुसरा उंच ग्लास काढला आणि विषय संपवला.

सुरक्षेबद्दल मात्र मी अजिबात मोकळाढाकळा नाही. स्टूल असं हवं की कोपर ओट्याच्या वर येईल आणि ते डगडगणार नाही. सुरी बोथट, आणि सुरुवात केळ्यावर. गॅसच्या बाजूला ती उभी राहत नाही, भांड्यांच्या मुठी आतल्या बाजूला वळवलेल्या. 60 अंश सेल्सिअसचं पाणी मोठ्या माणसालाही काही सेकंदांत भाजतं आणि मुलांची कातडी आपल्याहून पातळ असते. वाफ दिसत नाही म्हणून तर जास्त फसवी. कच्च्या पिठाचा गोळा चाटू देत नाही, कारण पीठ भाजलेलं नसतं आणि त्यातही पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. कच्च्या अंड्याचंही तेच, हात साबणाने धुतल्याशिवाय पुढचं काम नाही. आणि लहान मुलांच्या हाती अख्खी द्राक्षं आणि अख्खे दाणे-बदाम नाहीत, घशात अडकतात. द्राक्ष उभं चिरायचं. या यादीवर कोणी "आमच्या लहानपणी नव्हतं हो असलं काही" अशी कॉमेंट करणार असेल तर करा, मी उत्तर देणार नाही.

आता जरा कडू. बाप स्वयंपाकघरात लेकीबरोबर पीठ उडवतो त्याचं कौतुक फार होतं. माझंही झालं. त्या अस्वलांच्या रविवारी मी सोफ्यावर बसून तुमचे बदाम मोजत होतो तेव्हा बायको आतून म्हणाली, "तुझं बाँडिंग झालं असेल तर ओटा पूस." निळी बोटं उमटलेला फ्रिज तिला दिसला होता, मला नव्हता. गंमत एकाची आणि निस्तरणं दुसऱ्याचं, हा प्रकार बऱ्याच घरांत चालतो आणि त्याला फोटोत जागा नसते. आता आमच्याकडे नियम आहे, ज्याने सांडलं त्याने पुसायचं, आणि यात मी आणि लेक दोघंही आलो. पुसणं तिला रांधण्याइतकंच आवडतं, कारण त्यात पाणी असतं. फरशी आधीपेक्षा जास्त ओली होते ती गोष्ट वेगळी.

आणि हे रोज होत नाही. वीस मिनिटांचं काम तिच्यासोबत पन्नास मिनिटांचं होतं. ज्या दिवशी डोकं उठलेलं असतं, उशीर झालेला असतो, त्या दिवशी मी सरळ सांगतो, "आज नाही, आज मी एकटाच करतो." ती रुसते. रुसू दे. दात-ओठ खात तिला पीठ कालवू देण्यापेक्षा ते बरं, कारण बापाचा चेहरा तिला वाचता येतो. सगळे सांगतात "थोडा पेशन्स ठेवा." कुठून ठेवू? तो काय डब्यात भरून ठेवलेला असतो? असेल त्या दिवशी असतो.

त्या ओळखीच्या आईला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही. भेटली की सांगेन, किती वेळा ते मोजलं नाही, शेंगा आणल्या की होतं.

काल मशीनमधून कपडे काढताना फ्रॉकच्या खिशात बोटांना काहीतरी लागलं. अकरा बारके मटारदाणे, स्वच्छ धुतलेले, थोडेसे फुगलेले. मी ते टाकायला निघालो तर लेक धावत आली, हात पुढे केला आणि ओंजळीत एकेक मोजून घेतले. "बाबा, बाळं धुतलीस?" म्हणाली.