फ्रेंड्सच्या सगळ्याच चुका फ्रेंड्सवाल्यांच्या नाहीत हो!

हल्ली फीडमध्ये फ्रेंड्स या जुन्या अमेरिकन कॉमेडी सिरियलमधल्या चुका दाखवणारे रील्स नुसते धो धो येतायत आणि खाली सगळ्यांचं एकच, एवढा पैसा असून यांना साधं हे कळलं नाही? मला स्वतःला चुका हुडकायचा भयंकर नाद आहे (घरचे माझ्यासोबत काही बघायला बसत नाहीत) म्हणून यात तोंड घालतेच.

खऱ्या चुका आहेत, नाही कोण म्हणतंय. फ्रेंड्समधल्या मोनिकाच्या दारावर आधी 5 नंबर होता, मग लक्षात आलं की बाई राहते बऱ्याच वरच्या मजल्यावर, तिथे 5 कसा असेल, म्हणून गुपचूप 20 केला आणि समोर जोई-चँडलरचा 4 होता त्याचा 19. साइनफेल्ड या दुसऱ्या अमेरिकन कॉमेडी सिरियलमध्ये तर कमालच, त्यातला हिरो जेरीच्या घराचा प्लॅन कागदावर काढून बघा, बाहेरचा कॉरिडॉर सरळ त्याच्या किचनमधून जातो! आणि कॉफीचा मग एका शॉटमध्ये हातात, पुढच्यात टेबलावर, हे तर चालायचंच. शूटिंगला समोर प्रेक्षक बसलेले, एकच सीन परत परत घेतलेला, एडिटिंगला ज्या टेकमध्ये पंच बसला तो उचलला, मग कप कुठे का असेना. मी एडिटर असते तर मीही तेच केलं असतं.

पण फ्रेंड्सचं ते फेमस रील, ज्यात मेन कलाकाराच्या जागी भलतीच व्यक्ती बसलेली दिसते, ती चूक त्यांच्या माथी मारू नका. सिरियल शूट झाली 35 एमएम फिल्मवर, पण फ्रेम लावलेली जुन्या चौकोनी टीव्हीसाठी, 4:3. कडेला काय येतंय याची कोणाला फिकीर नव्हती, कारण ते दिसणारच नव्हतं. पुढे एचडी करताना कडा उघडल्या आणि बिचारी स्टँड-इन (कलाकाराच्या जागी तात्पुरती उभी केलेली बाई) सापडली.

साइनफेल्डला उलटं झालं. 2021 मध्ये नेटफ्लिक्सवर आली तेव्हा रुंद स्क्रीन भरायला वरखाली कापाकापी, आणि त्यात ज्या एपिसोडचं नावच 'द पॉटहोल' त्यातला खड्डाच फ्रेमबाहेर! जेरीचा मित्र जॉर्ज खड्डा दाखवतोय आणि खड्डा गायब. सिम्पसन्स या कार्टून सिरियलचं तेच, त्यातल्या डफ नावाच्या बिअरच्या कारखान्यात डफ, डफ लाइट, डफ ड्राय अशा तीन वेगवेगळ्या टाक्या आणि तिन्हींना बिअर येते एकाच पाइपमधून, हा अख्खा जोक. 2019 ला डिझ्नी प्लसवर पाइपच कापला गेला. लोकांनी एवढी बोंब मारली की 2020 मध्ये त्यांनी 4:3 चा ऑप्शन दिला.

म्हणजे एक बटण द्यायचंय फक्त, डिझ्नीला जमलं तर बाकीच्यांचं काय घोडं अडलंय?

तोवर कोणाच्या माळ्यावर फ्रेंड्सच्या जुन्या 4:3 वाल्या डीव्हीडी पडल्या असतील तर भंगारात देऊ नका, इनबॉक्समध्ये या. प्लेअरचं मी बघते.