तास माझे, बाळाचे नाहीत
अपंगांना घरी मिळणाऱ्या मदतनीसांबद्दल तुमच्या लेखात छान लिहिलंय, पण त्या अपंग व्यक्तीलाच तान्हं मूल असेल तर काय, हे राहून गेलं. मी व्हीलचेअर वापरते. मुलगी झाली तेव्हा मदतनीसाचे मंजूर तास फक्त माझ्या अंघोळीचे, कपड्यांचे. बाळाला पाळण्यातून उचलून माझ्या मांडीवर देणं कामात बसत नाही, असं मदतनीस बाईंना वरून सांगितलेलं. बाळ रडतंय, मी हात लांबवतेय आणि त्या बिचाऱ्या अवघडून उभ्या!

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं २३ वं कलम स्पष्ट सांगतं की मुलं वाढवताना अपंग पालकांना योग्य ते साहाय्य सरकारने द्यायचं, आणि केवळ पालकाच्या अपंगत्वावरून मूल त्यांच्यापासून तोडायचं नाही. ही मूल तोडलं जाण्याची भीती फार खोल असते हो. मूल काढून घेतील म्हणून मी कित्येक महिने जास्तीचे तास मागितलेच नाहीत.

बाजूने उघडणारा, खाली व्हीलचेअर सरकेल असा पाळणा शेवटी आम्हीच शोधला. कर्णबधिर आईबापांना बाळ रडलं की लुकलुकून कळवणारा दिवा हवा असतो. या वस्तू सरकारी साधनांच्या यादीत हव्यात, आणि हातात पडायला हव्यात त्या बाळंतपणाआधी.