‘घरी न्या’ म्हणणाऱ्यांसाठी

दिवाळीला बर्लिनहून नागपूरला आले तेव्हा बजाजनगरातल्या आमच्या गल्लीत कुत्र्यांवरून भांडण पेटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. अकरा दिवसांनी आदेश बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून जिथली तिथे सोडा, पिसाळलेल्या आणि अंगावर येणाऱ्या कुत्र्यांना मात्र ही मुभा नाही. नागपूरला हा वाद नवा नाही. उच्च न्यायालयाच्या आपल्याच खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलं होतं की ज्यांना खाऊ घालायचंय त्यांनी ती कुत्री रीतसर दत्तक घ्यावीत. त्या अटीला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. पण गल्लीत वाक्य तेच राहिलं. “एवढा पुळका आहे तर घरी घेऊन जा ना बाप्पा!” समोरचे काका आईला म्हणाले.

काकांच्या नातवाला कुत्रं चावलं होतं. त्यांचा राग मला समजतो, त्यांना मी निर्दयी म्हणणार नाही.

आणि आईने खरंच नेलं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांना घाबरून आमच्या स्कूटरखाली शिरलेलं, दोनेक महिन्यांचं तांबूस गावठी पिल्लू. नाव तर्री. पहिले तीन दिवस ती दिवाणाखालून बाहेर आली नाही. कुणी वाकलं की जागीच शू करायची. बाबा म्हणाले, “नाक घास तिचं त्याच्यात, एका दिवसात समजते.” लहानपणी आमच्याकडे असंच केलं जायचं. याच उपायाशी माझं भांडण आहे. घाबरून झालेल्या शूचा शिस्तीशी काही संबंध नसतो. शिक्षा झाली की पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं, आणि मग ते सोफ्यामागे जाऊन करतं.

आम्ही दुसरी वाट धरली. पिल्लाचं वय जितके महिने, त्याहून फार तर एखादा तास जास्त ते लघवी धरू शकतं, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे तर्रीला जास्तीत जास्त तीन तास, आणि जागेपणी त्याहून कमी. झोपून उठली की, खाल्लं की, खेळून झालं की लगेच मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली, दर वेळी त्याच जागी. शू होताच, तिथल्या तिथे, उकडलेल्या चिकनचा एक तुकडा. घरात येऊन दिला तर तो कशासाठी मिळाला हे तिला कळत नाही. रात्री दोनला आणि पाचला गजर. घरात झालं तर न ओरडता पुसायचं, आणि फिनाईलने नाही. फिनाईलने आपल्या नाकाचं समाधान होतं, तिला खालचा वास येतच राहतो, शिवाय चाटलं तर अपायच. पेट शॉपमध्ये मिळणारं एन्झाइमचं क्लीनर आणलं.

लशी पूर्ण व्हायच्या होत्या. पार्व्होच्या, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या संसर्गाच्या भीतीने तिला रस्त्यावर सोडता येत नव्हतं. पण पिल्लाचं भित्रेपण कमी व्हायचं वयही साधारण तीन-साडेतीन महिन्यांपर्यंतचंच. म्हणून आई तिला कडेवर घेऊन फाटकाशी उभी राहायची: कचरागाडीचा भोंगा, भाजीवाल्याचा स्पीकर, शाळेची व्हॅन. लांबून, थोडा वेळ, तोंडात खाऊ.

जर्मनीत आम्ही पिल्लू आणलं तेव्हा मला सुट्टी काढावी लागली होती, कारण दिवसा घरी कुणीच नसतं. तिथल्या नियमानुसार आठ आठवड्यांआधी पिल्लाला आईपासून तोडता येत नाही, आणि कुत्र्याला पुरेसं बाहेर मोकळं फिरवणं मालकावर बंधनकारक आहे. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्यामागे वर्षाला १२० युरो कर आहे. रस्त्यावर भटकं कुत्रं दिसत नाही. हे नागपूरला उचलून आणता येईल असं मी म्हणत नाही. पण तिथे मला एक गोष्ट मिळाली जी आईला मिळाली नाही: पिल्लांच्या वर्गात जाऊन बसायची सोय. तिथली बाई मला रागावली, दाखवलं, पुन्हा करून घेतलं.

आपल्याकडे उलट आहे. दिवसभर माणसं असलेली घरं आहेत, अंगणं आहेत, आजी आहे, दुपारी येणाऱ्या मावशी आहेत. नसबंदी आणि लशींचे नियम आहेत. सेमिनरी हिल्सला १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. फक्त घरी नेलेल्या पिल्लाचं पहिल्या महिन्यात काय करायचं, हे घरच्यांना शिकवणारं कुणी नाही. महापालिकेने लसीच्या दिवशी एक तासाचा वर्ग ठेवला, मराठीत आणि हिंदीत, तरी कितीतरी पिल्लं परत रस्त्यावर यायची थांबतील. घाबरवून वाढवलेलं आणि मग कंटाळून फाटकाबाहेर सोडलेलं कुत्रं काकांच्या नातवाला जास्त धोक्याचं आहे. ‘घरी न्या’ म्हणणाऱ्यांनी हा वर्गही मागायला हवा.

काल आईचा फोन आला. पहाटे तर्री स्वतःहून मागच्या दाराशी जाऊन कुईकुई करत होती. बाबा उठले, “काहून झोपू देऊन नाही राहिली तू,” म्हणत चप्पल शोधली आणि खिशात चिकनचा तुकडा घालून तिच्यामागे गेले. आता उन्हाळ्याची तयारी. कूलर निघेल, आणि त्याच्या घरघरीने ती पुन्हा दिवाणाखाली जाईल. आईला सांगितलंय, पहिला आठवडा कूलर दुसऱ्या खोलीत, कमी वेगावर, आणि तिचं जेवण त्याच वेळी.