निविदेच्या आधी जलसा

मागच्या महिन्यात घरच्यांशी फोनवर तासभर एआयवरच बोलणं झालं. दादा म्हणाला, पोरांच्या नोकऱ्या जाणार. भाची म्हणाली, आत्ता मागे राहिलो तर कायमचे मागे राहू. दोघंही पावसाच्या अंदाजासारखं बोलत होते: येतोय, कोसळणार, तयारीत राहा. मराठी वर्तमानपत्रं मी इथून रोज वाचते, तिथेही हाच सूर असतो. पाऊस आपल्या हातात नाही हे खरं. पण यंत्रं माणसंच घडवतात, आणि ती कशी असावीत हे सांगायचा हक्क आपलाही आहे, हे त्या तासाभरात एकदाही कुणाच्या तोंडी आलं नाही. माझ्याही नाही. फोन ठेवल्यावर त्याचीच खंत वाटत राहिली.

मी अकरा वर्षं ॲमस्टरडॅममध्ये राहते, सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. आमच्या हातात वस्तू येते तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं. बटणाचा रंग बदलता येतो. ते बटण मुळात कुणासाठी आहे, हे विचारायची वेळ निघून गेलेली असते. म्हणूनच ती वेळ कोणती आणि तेव्हा तिथे कोण असतं, या प्रश्नाने मला धरून ठेवलंय.

इथल्या निउमार्क्ट चौकात ‘वाग’ नावाची इमारत आहे. 1488 सालची. आधी ती शहराची वेस होती, पुढे बाजाराचा माल तोलायचं घर झाली. वाग म्हणजे वजनकाटा. याच नावाची एक संस्था तिथे 1990च्या दशकात उभी राहिली. कलावंत, प्रोग्रामर आणि सामान्य नागरिक यांनी मिळून तंत्रज्ञान हाताळून पाहायचं, हे तिचं काम. तिची मुळं 1994 सालच्या एका प्रयोगात आहेत. त्या जानेवारीत, पालिका निवडणुकीच्या तोंडावर, एक सांस्कृतिक केंद्र आणि हॅकरांचा एक गट यांनी ‘डिजिटल शहर’ सुरू केलं, आधी फक्त दहा आठवड्यांसाठी. इंटरनेट म्हणजे काय हे तेव्हा फारच थोड्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी ते शहराच्या रूपात मांडलं: चौक, पोस्ट, कॅफे, पुढे घरंसुद्धा. ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांच्यासाठी सार्वजनिक ठिकाणी संगणक ठेवले.

मला यातली खरी कला उपमा निवडण्यात दिसते. बाजार म्हटलं असतं तर लोक गिऱ्हाईक होऊन आले असते. शहर म्हटलं, म्हणून नागरिक होऊन आले. ते शहर पुढे खासगी झालं आणि संपलं, पण वागची ती सवय टिकली. 2010 साली तिथेच मोबाइलमधली खनिजं कुठल्या खाणींतून, कुणाच्या घामातून येतात यावर एक मोहीम सुरू झाली, आणि 2013 साली तिची फेअरफोन ही कंपनी झाली. घरच्या घरी उघडून दुरुस्त करता येईल असा फोन त्यांनी बाजारात आणला.

पण परदेशाची आरती ओवाळायला मी बसलेले नाही. याच देशात पाळणाघराच्या सरकारी भत्त्यावरून वीस हजारांहून जास्त पालकांना लबाड ठरवून त्यांच्याकडून पैसे वसूल केले गेले. कर खात्याच्या जोखीम ठरवणाऱ्या प्रणालीत डच नागरिकत्व नसणं हाही एक निकष होता. संसार कर्जात बुडाले. जानेवारी 2021 मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. एवढी कल्पक माणसं असलेल्या देशात हे कसं घडलं? मला वाटतं, कल्पनेचं टेबल इथे होतं, पण त्या टेबलाशी ते आईबाप कधी बसलेच नव्हते.

त्याच 2021 साली महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. नोंदी भरायचं ॲप इंग्रजीत, फोनची क्षमता तोकडी, दुरुस्तीचा खर्च वर त्यांच्याच माथी. आपल्याकडे ती बातमी संघटनेचं आणखी एक आंदोलन म्हणून वाचली गेली. मी मात्र तिला तंत्रज्ञानावरचं अलीकडचं सगळ्यात ठाम मराठी विधान मानते. ते बोलायला फोन हातात पडेपर्यंत थांबावं लागलं, हे दुर्दैव.

माझी मावशी निवृत्त अंगणवाडी सेविका आहे. गेल्या खेपेला गेले तेव्हा तिला विचारलं, तुला आधीच विचारलं असतं तर तू काय बनवलं असतंस? आधी तिने हसण्यावारी नेलं. मग खडू घेतला आणि पडवीच्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन बाहुल्या काढल्या, एक लहान, एक किंचित भरलेली. “वजन करताना आई काट्याकडे बघत नाही गं, माझ्या तोंडाकडे बघते. आकडा तिला काय कळणार? मागच्या महिन्याचं पोर आणि या महिन्याचं पोर असं तिला दिसलं पाहिजे. आधी तिला. साहेबांना मागून.”

नोंद आधी कुणापर्यंत पोचावी, याचं उत्तर तिने खडूने दिलं होतं. आपली बहुतेक सरकारी ॲपं माहिती वर पाठवण्यासाठी असतात. आईकडे परत काही येत नाही.

दादा म्हणतो, चित्रं काढून ॲप होत नसतं. होत नाही, मान्य. पण कशाचं ॲप करायचं ते चित्रातून कळतं. आणि ही परंपरा आपल्याला उसनी आणावी लागणार नाही. सत्यशोधक जलशांनी सावकाराच्या कागदातला डाव निरक्षर शेतकऱ्याला गाण्या-संवादातून उलगडून दाखवला. 1987 साली भारत जन विज्ञान जथे गाणी आणि नाटकं घेऊन देशभर फिरले आणि भोपाळला येऊन मिळाले. वायुदुर्घटनेला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. हे सगळं थोर होतं, पण कला बहुतेकदा घडून गेल्यावर पोचली. आता तर पथनाट्याचा गट बोलावतात तो योजनेच्या प्रचारासाठी.

तो गट निविदा निघायच्या आधी बोलवा, एवढंच माझं मागणं आहे. एका तालुक्यात, तीन महिने. सेविका, मदतनीस, एखादा चित्रकार, एखादा प्रोग्रामर. ॲप नाटकातून खेळून बघा: एकजण ॲप होईल, एक सेविका, एक सुपरवायझर मॅडम. नाटक जिथे अडेल ते निविदेत लिहा. आणि ‘हे नकोच’ असं निघालं, तर तेही ऐकायची तयारी ठेवा. वेळ जाईल, पैसे लागतील. फोन वाटून परत घेण्यातही ते गेलेच होते.

मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या नाटकात आईचं काम कोण करणार? खरी आईच बोलवा.”